पाच किलोंची सुधारणा

डॉक्टरीणबाईंच्या मते जगात मूर्ख दोन जातींचे. आपण मूर्ख आहोत हे ज्यांना ठाऊक असतं ते दवाखान्यात येतात, औषध घेतात आणि बरे होऊन जातात. ज्यांना ते ठाऊक नसतं ते विमा कंपनीत नोकरीला लागतात. औषधांच्या दुकानदारांना त्या पूर्वी या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसवत. पण त्या सकाळी काउंटरवर उभं राहून राहून त्यांच्या पायाला मुंग्या आल्या आणि दुकानदाराचीही रवानगी दुसऱ्या जातीत झाली.

काम एवढंसं होतं. शिट्टीकाकांची दुखण्यावरच्या औषधाची बाटली संपत आली होती. शिट्टीकाका म्हणजे जन्मभर फुटबॉलचे सामने खेळवलेले पंच. त्यांच्या शिट्टीला अख्खं मैदान वचकून असायचं. आता यकृतात गाठी होत्या, उपाय उरला नव्हता, आणि घरी पडून सुखाने जावं एवढीच त्यांची मागणी होती. अशा माणसांना घरी येऊन सांभाळणारी एक संस्था होती, तिला सगळे हॉस्पिस म्हणत. तिची नर्स दर आठवड्याला औषधाची नवी बाटली आणून द्यायची. या आठवड्यात ती आलीच नाही. काकूंनी फोन केला तेव्हा कळलं की काकांचं नाव यादीतून काढलंय. बाटलीत जेमतेम संध्याकाळपर्यंतचं औषध होतं, आणि ते औषध चुकलं की काका उशी दातात धरतात हे डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मॅडम, पेशंट हॉस्पिसचा आहे," दुकानदार स्क्रीनकडे बघत म्हणाला. त्याचा चष्मा दोरीने गळ्यात लटकत होता, पण डोळ्यांवर तो चढवतच नव्हता. "हॉस्पिसच्या पेशंटला औषध हॉस्पिसच देतं. मला देता येत नाही."

"हॉस्पिसनं नाव काढलंय त्यांचं."

"इथं तर आहे."

"मग तुमचं ते खोकं चुकतंय."

"सिस्टीम आहे मॅडम. अपडेट व्हायला दोन-तीन दिवस लागतात."

"दोन-तीन दिवस त्यांनी काय करायचं? शिट्टी वाजवायची?"

दुकानदार हसला नाही. बाईंनी पर्स उघडली. "विमा राहू दे. मी रोख देते. चिठ्ठी माझी, सही माझी."

"ह्या औषधाला रोख चालत नाही. एक पेशंट, एकच ठिकाण. नियम आहे."

त्याच्या मागच्या कपाटात, कुलूपबंद काचेआड, त्याच औषधाच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. डॉक्टरीणबाईंना त्या दिसत होत्या आणि बाईंना त्या दिसताहेत हे दुकानदारालाही दिसत होतं. तरी त्या निघताना त्याने त्यांना खोकल्याच्या गोळ्यांवर सध्या सूट आहे हे सांगायला कमी केलं नाही.

गाडीत बसून त्यांनी हॉस्पिसला फोन लावला. तिथल्या समन्वयक बाईंचा आवाज इतका गोड होता की ऐकणाऱ्याला मधुमेह व्हावा. मरणाच्या दारात बसलेल्या लोकांशी बोलून बोलून त्यांनी तो कमावला होता आणि आता जेवणाचा डबा मागवतानाही त्या तोच वापरत असाव्यात.

"डॉक्टर, आनंदाची बातमी आहे," त्या म्हणाल्या. "काकांच्या तब्येतीत सुधारणा झाली!"

"कसली सुधारणा?"

"पाच किलो वजन वाढलं! आमच्या नर्सनं स्वतः मोजलं. मग विमा कंपनीकडून आढावा झाला, आणि ते आता आपल्या निकषात बसत नाहीत. आम्हालाही इतकं बरं वाटलं ना!"

डॉक्टरीणबाईंनी फोन कानापासून लांब धरला, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा कानाला लावला. "अहो, ते पाणी आहे. यकृत कामातून गेलं की पोटात पाणी साठतं. हातापायाच्या काड्या झाल्यात माणसाच्या, पोट तेवढं टम्म फुगलंय. तुमच्या नर्सला डोळे आहेत की नुसता वजनकाटा दिलाय तुम्ही?"

"वजनाचा रकाना आहे डॉक्टर आमच्याकडे. पाण्याचा नाही." आवाज किंचितही कडू झाला नाही. "कंपनीच्या वैद्यकीय सल्लागारांशी बोलता का? ते खूप समजूतदार आहेत."

पाण्याची गोष्ट कंपनीला माहीत नव्हती असंही नाही, आणि डॉक्टरीणबाईंचं माथं भडकलं ते याचसाठी. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनीच लेखी मागणी केली होती की काकांच्या पोटातलं पाणी काढायची परवानगी द्या, त्यांना आडवं पडता येत नाही, रात्र रात्र खुर्चीत बसून काढतात. उत्तर आलं होतं की हॉस्पिसच्या पेशंटला इस्पितळातले उपचार मिळत नाहीत. म्हणजे पाणी काढू द्यायचं नाही, आणि मग तेच पाणी मांस म्हणून तोलायचं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्यांबद्दल त्यांनी ऐकलं होतं. इथे मढं होईपर्यंत थांबायचीही कुणाला सवड नव्हती.

सल्लागार फोनवर येईपर्यंत बासरी वाजत राहिली. मग एक जाडसर, जेवून आलेला आवाज आला. हा गृहस्थ एकेकाळी डॉक्टर होता. शेवटच्या माणसाच्या पोटाला याने हात लावला तेव्हा त्याच्या डोक्यावर केस असतील, असा बाईंनी अंदाज केला. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंटावर तरी बसावं लागतं. याने खुर्ची सोडायचेही कष्ट घेतले नव्हते.

"डॉक्टर, भावना समजतात मला," तो म्हणाला. "पण आकडा आकडा असतो. खालावणारा पेशंट वजन कमी करतो. हे वाढवताहेत."

"ते काही वाढवत नाहीयेत! पाण्याची पखाल घेऊन बसलाय तो माणूस पोटात."

"असेल. मग सध्या ते आमच्या दृष्टीने साधे पेशंट. साध्या पेशंटला सगळं मिळतं. इस्पितळ, तपासण्या, सगळं. उलट फायदाच आहे त्यांचा." त्याने आवंढा की घोट काहीतरी गिळलं. "आणि वजन उतरलं तर करा की पुन्हा अर्ज. आम्ही कुठं नाही म्हणतोय?"

बाई त्याला शेलकं काहीतरी ऐकवणार होत्या. शब्द जिभेवर आलेही होते. पण तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की या गाढवाने आपल्या तोंडाने वाट दाखवली आहे. काका यादीतून निघाले म्हणजे साधे पेशंट झाले. साध्या पेशंटचं पाणी काढता येतं. पाणी निघालं की वजन उतरणार. वजन उतरलं की काका पुन्हा मरायला लायक ठरणार. आणि पाणी काढायला वॉर्डात नेलं की तिथल्या कपाटातलं दुखण्याचं इंजेक्शनही मिळणार, त्याला ना दुकानदार लागत ना त्याचं खोकं.

"आभारी आहे," त्या म्हणाल्या. नोकरीला लागल्यापासून त्या माणसाचे कुणी इतके मनापासून आभार मानले नसतील.

शिट्टीकाका खिडकीशी खुर्चीत बसले होते, दोन्ही हात पोटाच्या दोन बाजूंना, फुटबॉल सांभाळून धरावा तसे. चेहरा मेणासारखा पिवळा. काकू त्यांच्या पाठीशी उशी लावत होत्या.

"या डॉक्टर," काका म्हणाले. "मला मैदानाबाहेर काढलं म्हणे. कारण काय, तर मरायला वेळकाढूपणा करतोय."

"तुम्ही तब्येत सुधारलीत काका. मला न विचारता."

"मग आता काय, मॅच पुढं चालू?"

"आधी तुमच्या पोटातलं पाणी काढू. मग बघू."

काकूंना काहीच उलगडत नव्हतं. त्या बिचाऱ्या सकाळपासून रडून बसल्या होत्या, आपल्याच हातून काही चुकलं असं त्यांना वाटत होतं. "मी नीट करते हो सगळं त्यांचं," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "नर्स यायची तेव्हा घरही आवरलेलं असायचं. मग का काढलं नाव?"

"वजन वाढलं म्हणून!" डॉक्टरीणबाईंनी हात उडवले. सकाळपासूनचा सगळा जाळ त्या एका वाक्यात बाहेर आला. "काट्यावर आकडा वर गेला की ह्यांचं नाव काढतात ते शहाणे. माणसाकडे बघायचंच नाही, आकडा तेवढा खाली पाहिजे! आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय! एवढीच त्यांची अक्कल."

"असं होय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी मान हलवली.

दुपारी वॉर्डातल्या खाटेवर काकांना टेकून बसवलं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः सुई घातली, नळी लावली आणि पिवळसर पाणी खालच्या बरणीत पडू लागलं. ते हळूहळूच काढावं लागतं, घाई केली तर माणूस कोसळतो. बाई शेजारी स्टुलावर बसून राहिल्या. कुठल्याशा सामन्यात आपल्याला प्रेक्षकांनी चपला मारल्या होत्या आणि त्यातली एक आपल्या मापाची निघाली होती, हा किस्सा काकांनी त्यांना सांगितला. इंजेक्शन अंगात भिनलं तसा त्यांचा जबडा सैल पडला. दोन बरण्या भरल्या, तिसरी भरली. सगळं संपल्यावर नर्सने खाटेची उशाकडची बाजू खाली केली आणि काका आडवे झाले, सपाट, पाठीवर. किती आठवड्यांनी झाले कुणास ठाऊक. काही क्षण त्यांनी छताकडे पाहिलं आणि लगेच घोरायला लागले. काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

काटा पाच किलोंनी खाली आला होता. बाईंनी तो आकडा तडक कंपनीला कळवला. दुसऱ्या दिवशी सल्लागाराचाच फोन आला.

"छान," तो म्हणाला. "आता कसे व्यवस्थित खालावलेत. निकषात बसतात. पंधरा दिवसांनी पुन्हा वजन बघू."

त्याच संध्याकाळी हॉस्पिसची गाडी औषधाची बाटली घेऊन दारात हजर. मधल्या एका दिवसापुरतं औषध वॉर्डातून बरोबर दिलं होतंच. समन्वयक बाईंनी आपल्या मधाळ आवाजात काकूंना पुनःप्रवेशाच्या शुभेच्छा दिल्या म्हणे.

डॉक्टरीणबाई त्या रात्री जेवताना एकदम खुशीत होत्या. त्यांनी नवऱ्याला सल्लागाराची नक्कल करून दाखवली, दुकानदाराचा गळ्यातला चष्माही करून दाखवला. "त्यांच्याच काट्यानं हाणलं त्यांना," त्या म्हणाल्या. "आणि मजा म्हणजे त्यांना अजून कळलेलंही नाही." नवरा हसला. त्यालाही सल्लागार विशेष आवडला.

दोन दिवसांनी त्या काकांकडे गेल्या. काका पलंगावर उशीला टेकून होते, दुखणं ताब्यात होतं, डोळ्यांत पुन्हा ती मिश्कील झाक होती. पोट मोकळं झाल्यावर होतं तसंच झालं होतं, त्यांना भूक लागली होती.

"डॉक्टर, तक्रार आहे," ते म्हणाले. "इतक्या दिवसांनी खावंसं वाटतंय, आणि ही मला दुधात बुडवलेला पावाचा तुकडा दाखवते आणि परत नेते."

बाईंना वाटलं थट्टा आहे. त्या हसत स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर कपात अर्धं दूध होतं आणि बशीत पावाचा एक तुकडा. काकू त्या तुकड्याचे सुरीने आणखी दोन भाग करत होत्या.

"काकू, खाऊ दे की त्यांना. पोट रिकामं झालंय, भूक लागणारच."

काकूंनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "देते ना, चमचा चमचा देते. पण तुम्हीच म्हणालात ना, वजन वाढलं की नाव काढतात. आधी मीच त्यांना मागं लागून लागून दूध पाजायचे. माझ्यामुळंच वाढलं ते. आता पंधरा दिवसांनी परत मोजणार आहेत." त्यांनी सुरी खाली ठेवली. "पाणी पण मागतात मधेमधे. मी ओठ ओले करते."

डॉक्टरीणबाई ओट्याला धरून उभ्या राहिल्या. आपण ते किती तावातावाने बोललो होतो ते त्यांना आठवलं. ऐकणाऱ्याला यातला मूर्खपणा उघडच कळेल असं त्या धरून चालल्या होत्या. काकूंना त्यात मूर्खपणा दिसलाच नव्हता. त्यांनी डॉक्टरांचा शब्द म्हणून ते ऐकलं आणि दोन दिवस त्या तो इमानेइतबारे पाळत होत्या. सल्लागाराला, दुकानदाराला, त्या मधाळ बाईला देण्यासाठी बाईंकडे शेलक्या शब्दांचा तोटा नव्हता. आता त्यांतलाच एक स्वतःला लावायचा झाला तेव्हा त्यांना शरमेने काकूंकडे बघवेना.

"काकू, ते पाणी होतं. तुमच्या दुधाचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी चुकीचं बोलले. रागात बोलले. त्यांना जे हवं ते द्या, हवं तेवढं द्या."

"आणि नाव काढलं तर? परत तसं दुखलं तर?"

"मी बघते."

"तुम्ही बघालच हो," काकू म्हणाल्या. पण आठवड्याची बाटली तुम्ही आणत नाही, ती ते आणतात, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं आणि ते खोटंही नव्हतं.

बाईंनी दूध स्वतः गरम केलं, कप काठोकाठ भरला, पावाचे चार तुकडे बशीत घेतले आणि बाहेर नेऊन काकांच्या हातात दिले. काका लहान मुलासारखे खाऊ लागले, मिशांना दूध लागलं तरी त्यांना पर्वा नव्हती. "वा," ते म्हणाले, "ह्याला म्हणतात ज्यादा वेळ." डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. काका इतक्या आवडीने जेवत होते, पण काकूंची नजर त्यांच्या तोंडावर नव्हती. प्रत्येक घोटाला त्या नवऱ्याच्या पोटाकडे बघत होत्या.