बहीण आली की राजाने उठायचं

सकाळपासून राजाला पाजायच्या पेयासाठी कावाचं मूळ कुटण्याचा आवाज चालला होता, आणि वाइमोआना दगडाचा प्रत्येक ठोका ऐकत होती. कोका झाडाखालचं मैदान तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. पण आज तिकडे फिरकायचीही सोय नव्हती. कुणी मनाई केली नव्हती, तीच शहाणी म्हणून घरात बसली होती. कारण त्या झाडाला पाठ टेकून आज जो बसला होता, तो तिचा सख्खा भाऊ कौफाना.

बहीण भावापेक्षा मोठी. वयाने धाकटी असली तरी मोठीच. ती आली की भावाने उठून निघून जायचं, मग तो कोळी असो की राजा. मोठेपणी दोघांनी एका छपराखाली बसायचं नाही, समोरासमोर बोलायचं नाही. आणि बहिणीच्या पोराचा मामावर असा हक्क, की त्याने मामाच्या पुढ्यातलं डुकराचं मांस उचलून खाल्लं तरी मामाने हसून दुसरं मागवायचं. वाइफुआ बेट घ्या की मोतूलाही, दोन्हीकडे रीत हीच. बाकी कशावरच त्यांचं कधी पटलं नाही.

तीन पिढ्या त्यांनी एकमेकांची माणसं मारली. मध्ये एकदा तह झाला, तेव्हा वाइमोआनाला, वाइफुआच्या राजकन्येला, मोतूलाहीच्या राजाच्या भावाशी लग्न लावून इकडे पाठवलं. मुलगी देऊन भांडण मिटवायचं, ही पुरुषांची जुनी अक्कल. भांडण मिटलं नाहीच, उलट त्यात तिचा नवरा मेला. आता मोतूलाहीचा राजाही निपुत्रिक वारला होता. लढून थकलेल्या इथल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, वाइफुआचा राजा कौफाना, पण त्याची नि वाइमोआनाची आई याच बेटाची होती, तेव्हा इथली गादीही त्यालाच देऊन टाकू. त्याने इथल्या झाडाखाली बसायचं, पुकाऱ्याने गादीचं नाव घ्यायचं, मग कौफानाने कावाची वाटी प्यायची, की झाला दोन्हीकडचा राजा. पण पिण्याआधी उठला, तर गादी नाकारली असा अर्थ. मग पुन्हा लढाई.

दाराशी सून येऊन उभी राहिली. फेहियाचा चेहरा पार उतरला होता.

"आई, सांगू की नको, असं झालंय."

"सांग. तुझं तोंडच सांगतंय, काहीतरी बिनसलंय."

"हे वाटी हिसकावणार आहेत." हे म्हणजे तिचा नवरा तौकी, वाइमोआनाचा एकुलता एक मुलगा. "म्हणतात, मामाची वाटी ती माझीच वाटी. नाव पुकारलं की हातातून घेणार आणि पिऊन टाकणार."

"अगं, मामाचं मांस उचलतात, गादी नाही उचलत!"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, गादी उचलू नये असं कुणी सांगितलंय? आणि खरंच, कुणी सांगितलंय हो?"

कुणीच सांगितलं नव्हतं. आजवर इतका मूर्ख भाचा जन्मलाच नव्हता, तर सांगणार कोण! मेलेल्या राजाचा पुतण्या असून म्हाताऱ्यांनी आपल्याला डावललं, हे तौकीच्या डोक्यातून जात नव्हतं. डावललं ते बरोबरच होतं. त्याच्या नाकावर सदा राग.

"मामाची माणसं कुठे बसलीत?" वाइमोआनाने विचारलं.

"मागेच. केळींच्या ओळीला लागून. चटयांखाली गदा आहेत, मी बघितल्या."

म्हणजे तौकीने वाटीला हात घातला, की त्याचं डोकं फुटणार. रीत काय आणि हक्क काय, याचा विचार ती माणसं नंतर करतील.

"जा, बोलावून आण त्याला. आईला चक्कर आली म्हणून सांग."

"गेले होते ना. म्हणाले, आईला सांग, आज राजाची आई म्हणून झोपशील."

"मेल्याची आई म्हणून झोपेन!" वाइमोआना ओरडली.

तेवढ्यात कुटण्याचा आवाज थांबला. आता पाणी घालतील, गाळतील, आणि मग पुकारा.

मुलाला थांबवायचं तर उपाय एकच होता. तिने स्वतः जाऊन मैदानात उभं राहायचं. भाऊ उठेल, बैठक मोडेल, वाटीच उरणार नाही. भावाची गादी जाईल. लढाई पेटेल, त्यात आणखी किती आयांची पोरं मरतील, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण लढाई उद्याची होती आणि तौकी आज मरणार होता. राजापुढे जाताना गुंडाळतात तशी कमरेला चटई गुंडाळून ती धावत सुटली.

"आई, अहो आई, असं नका करू!" फेहिया मागून म्हणत राहिली.

ती पोचली तेव्हा वाटी कौफानाच्या हातात होती आणि म्हातारा पुकाऱ्या होपोआते नाव घ्यायला श्वास घेत होता. कावासाठी बसलेल्या माणसांच्या गोलात तिसऱ्या जागेवर तौकी, एक गुडघा उचलून. ती सरळ गोलाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

होपोआतेने नाव घेतलंच नाही. शेकडो माणसं जमली होती. सगळे राजाकडे बघायला लागले.

कौफानाचे केस पांढरे झाले होते. ती बेट सोडून आली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग डावा तळहात जमिनीवर टेकला, उठायला टेकतात तसा. तो हात तिथेच राहिला. बराच वेळ राहिला. मग त्याने तो उचलून मांडीवर ठेवला.

"महाराज, बहीण आलीय," एक म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला.

"दिसतंय मला. होपोआते, नाव घे."

होपोआतेने नाव घेतलं. आवाज फाटला त्याचा. तौकी झेपावला आणि त्याने हात पुढे केला. "मामा, ती वाटी माझी!"

केळींच्या ओळीशी चटया सरकल्या.

"कुठला मामा?" कौफाना म्हणाला. "जिच्यामुळे तू माझा भाचा, तिच्यासाठी मी उठलो नाही. सगळ्यांनी बघितलं. मग तू माझा कोण?"

तौकीचा हात तसाच हवेत राहिला. त्याने मागे वळून मित्रांकडे पाहिलं, पण मित्रांनी माना खाली घातल्या होत्या. हक्कच उरला नव्हता, तर कुणाच्या जोरावर वाटी घ्यायची? तो हळूहळू खाली बसला. कौफानाने वाटी तोंडाला लावली आणि एका दमात संपवली. दोन्ही बेटांचा राजा एक झाला.

मग तो वाइमोआनाशी बोलला. "बाई, उन्हात उभ्या राहू नका. बसा कुठेतरी."

कुणाही परक्या बाईशी बोलावं, तसं बोलला. ती मटकन तिथेच खाली बसली.

"कशाला आलीस गं?" तौकी तिच्याजवळ येऊन दातओठ खात म्हणाला. "काय राहिलं आता माझं? कोण आहे मी?"

"जिवंत आहेस," वाइमोआना म्हणाली.

तिने दोन्ही हातांनी त्याचं डोकं चाचपलं. मग तिने केस मोकळे सोडले, छाती बडवली, आणि भाऊ मेल्यावर बहिणीने रडायचं असतं तसा मोठ्याने हंबरडा फोडला. तिला गप्प करायला कुणी पुढे झालं नाही. राजा समोरच बसला होता. त्याने रिकामी वाटी खाली ठेवली, मान खाली घातली आणि ती थांबेपर्यंत ऐकत राहिला.