भागीदाराचा दात

त्या घरात दोन बोळकी होती, एक आजोबांचं आणि एक नातवाचं. एकाचे दात आपापली कामं उरकून निघून गेले होते, दुसऱ्याचे अजून यायचे होते. म्हणून आजोबा नातवाला 'भागीदार' म्हणायचे. आईबापांनी भांडभांडून ठेवलेलं नाव कागदावरच राहिलं. "आमच्या धंद्यात भांडवल शून्य आणि लाळ भरपूर," असं आजोबा दारात येईल त्याला ऐकवत.

आजोबांनी जन्मभर लाकडाला पॉलिश केलं होतं. टेबलं, कपाटं, पाळणेसुद्धा. स्पिरिटच्या वासानं नाक कधीच कामातून गेलं होतं, डोळेही अधू झाले होते, पण उजव्या हाताची तर्जनी शाबूत होती. फळीवरून ती फिरली, की कुठं खरखर राहिलीय ते कळायचं. आता तिला एकच काम उरलं होतं. भागीदार तीच मुठीत घट्ट धरून झोपायचा, आणि तो उठेपर्यंत आजोबा पाठ अवघडली तरी हलायचे नाहीत. दुधापेक्षा साय गोड म्हणतात. आजोबांना ही साय अवचित मिळाली होती, तीही आजी गेल्यावर, घर खायला उठत होतं तेव्हा.

सुनेची रजा संपली. ती पार्सलांच्या गोदामात माल निवडायच्या सरकत्या पट्ट्यावर उभी असायची. तिथं फोन दारातल्या कपाटात ठेवून आत जावं लागे. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत अडकलेला असायचा. तेव्हा भागीदार आजोबांच्या वाट्याला आला. पहिल्या दिवशी निघताना सून बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं खाली वाकली ती बराच वेळ उठलीच नाही. उठली तेव्हा डोळे लाल होते.

"बाबा, एक मागू?" ती म्हणाली. "त्याचा पहिला दात मला बघायचाय. तुम्हाला दिसला तरी सांगायचं नाही. माझा मलाच सापडू दे."

"अगं, मी कशाला सांगतोय? त्याला दात आला, की आमची भागीदारी मोडली. वाईट बातमी कुणी आपणहून देतं का?"

ती हसली. तेव्हापासून कामावर जाताना आणि आल्यावर ती स्टीलचा छोटा चमचा भागीदाराच्या हिरडीला हळूच लावायची आणि कान देऊन ऐकायची. वाजायचं काहीच नाही. भागीदार तेवढा चमच्यावर लाळ गाळायचा.

त्याच सुमारास आजोबांना नवी कवळी मिळाली. चणे आहेत तर दात नाहीत, हे रडगाणं एकदाचं संपेल म्हणून मुलानं हट्टानं करवून घेतली होती. पण ती खालच्या हिरडीला टोचायची. दातांच्या दवाखान्यातल्या बाईंनी एक ट्यूब दिली, ठणका लागला की चोळा म्हणाल्या. चोळलं की हिरडी बधिर व्हायची. आजोबांना ते मलम म्हणजे अमृतच वाटलं. ट्यूब खोक्यात होती आणि लहान मुलांना लावू नये, हे त्या खोक्यावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं. खोकं पहिल्याच दिवशी केरात गेलं. खिशात ठेवायच्या ट्यूबचं खोकं कोण सांभाळतं? जे ट्यूबवरच छापायला हवं, ते नेमकं खोक्यावर छापणाऱ्या शहाण्याला काय म्हणावं!

तो दिवस उजाडला तोच किरकिरीत. भागीदाराचे गाल लाल झाले होते, मूठ तोंडात होती आणि रडणं थांबत नव्हतं. आजोबांनी त्याला खांद्यावर घेऊन खोलीभर येरझाऱ्या घातल्या, डबे बडवले, कवळी काढून हातात टाळांसारखी वाजवून दाखवली. एरवी या शेवटच्या खेळाला भागीदार खिदळायचा. आज त्यानं तिकडे पाहिलंही नाही. आजोबांचा जीव तीळतीळ तुटत होता. त्यांची स्वतःची हिरडीही ठणकत होती, म्हणून त्यांनी ट्यूब काढून थोडं मलम लावलं, ठणका थांबला, आणि समोर हा रडतोय. हिरडी ती हिरडी. आपण सुखात आणि भागीदार दुःखात, हा कुठला न्याय?

त्यांनी हात स्वच्छ धुतले, बोटावर मलम घेतलं आणि भागीदाराच्या हिरडीवरून फिरवलं.

तो गप्प झाला. आणि बोटाला काहीतरी लागलं.

आजोबांनी बोट पुन्हा फिरवलं. खाली, अगदी मध्ये. डोळ्यांना काही दिसेना, पण बोट फसणारं नव्हतं. दात! ते ओरडणारच होते, तेवढ्यात त्यांनी आपल्याच तोंडावर हात ठेवला. "आईला सांगायचं नाही हं," ते कुजबुजले. "तिचा तिलाच सापडू दे. संध्याकाळी वाजव चमचा."

थोड्या वेळानं रडं पुन्हा सुरू झालं. लाळेबरोबर मलम पोटात जात होतं, हिरडीवर राहत नव्हतं. आजोबांनी पुन्हा लावलं. मग पुन्हा, जरा जास्त. थोडंसंच तर होतं दर वेळी. दुपारी भागीदार त्यांचं बोट धरून झोपला आणि आजोबांना आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. मग मुठीची पकड सुटली. हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागले. ओठ निळसर दिसले.

ते अनवाणी जिना उतरले. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी शिलाई टाकून गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारायच्या आत आजोबांनी ट्यूब त्यांच्या हातात ठेवली. लपवलं काहीच नाही. "हे लावलं. मीच लावलं. पुष्कळदा लावलं." डॉक्टरांनी ट्यूबवरचं औषधाचं नाव वाचलं आणि त्या पळतच आत गेल्या.

गोदामातल्या कपाटात सुनेचा फोन वाजून वाजून थकला. शेवटी कुणीतरी तिला पट्ट्यावरून बोलावून आणलं. ती कामाचं पिवळं जाकीट घालूनच आली. मुलगाही आला. तिघांना डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मोठ्या माणसाला जे थोडंसं, ते एवढ्याशा जिवाला फार असतं. बाळ ते गिळतं, ते रक्तात उतरतं, मग झटके येतात आणि हृदय बंद पडायला लागतं.

"मग दुखणं कशानं थांबवायचं होतं?" आजोबांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"गार ओलं फडकं चघळायला द्यायचं," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर नुसतं स्वच्छ बोट हिरडीवरून फिरवायचं. पुष्कळदा तेवढंच पुरतं."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मान खाली घातली. अंधार पडायच्या आत भागीदार गेला.

घरात आजोबांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. "तुम्हाला काय माहीत, बाबा," एवढं मुलगा म्हणाला आणि वाक्य अर्धं सोडून बाहेर गेला. भेटायला येणारे म्हणायचे, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. लोकांना बोलायला काय जातं! आजोबांना वाटायचं, कुणीतरी आपल्याला फाडफाड बोलावं. त्यांनी कवळी काढून ठेवली ती पुन्हा घातली नाही. भात पाण्यात कालवून गिळायचे. उजवी मूठ कायम मिटलेली असायची, तर्जनी आत दडवलेली. चमचा डाव्या हातानं धरायचे आणि अर्धं अंगावर सांडायचे.

आणि पोटात तो दात होता. जगात तो त्यांच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हता. सांगावं, तर तिनं सांगू नका म्हटलेलं. न सांगावं, तर आपण गेल्यावर तो आलाच नव्हता असं होईल. मरणापेक्षा त्याची भीती त्यांना जास्त वाटायची.

सून कामावर जाऊ लागली. एका संध्याकाळी ती परतली, जाकीटही न काढता स्वयंपाकघरात गेली आणि येऊन आजोबांच्या समोर बसली. हातात तो छोटा चमचा होता.

"त्या दिवशी सकाळी मी लावला होता," ती म्हणाली. "वाजला नव्हता. आणि दवाखान्यात त्याच्या तोंडात नळी होती. नळी काढल्यावर... मला त्याचं तोंड उघडून बघवेना, बाबा."

आजोबांनी मूठ आणखी आवळली.

"दात आला होता का?"

"तू सांगू नका म्हणाली होतीस."

"आता सांगा."

"आला होता," आजोबा म्हणाले. "खाली, मधला. दिसत नव्हता. बोटाला लागला."

तिनं त्यांच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. आजोबांनी मूठ मागे घेतली. ज्या बोटानं तिचं लेकरू नेलं ते तिला दाखवायचं कसं? पण तिनं चमचा खाली ठेवला, त्यांचा हात ओढून घेतला आणि एकेक बोट उलगडलं.

"हेच?"

"हेच."

"कसा लागला?"

"खरखरीत. तांदळाच्या कणीएवढा." आजोबांचा आवाज फुटला. "पण दात होता, पोरी. चांगला दात होता."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि माफी मागायची त्यांची हिंमत नव्हती. ती रडत रडत विचारत राहिली, धार होती का, सरळ होता का, हात लागल्यावर तो हसला का. आजोबा बोळक्या तोंडानं, रडतच, एकेकाचं उत्तर देत राहिले. सगळं सांगून झालं तरी तिनं ते बोट सोडलं नाही. भागीदार धरायचा तसंच ते तिनं मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं.