बाद ठरलेला बिडाचा मॅनिफोल्ड

मित्रांनो, गाडीचं बॉनेट तुम्ही कधी उघडलं असेल, तरी माझ्याकडे तुमचं लक्ष गेलं नसणार. मी एक जुना, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, मॅनिफोल्ड आहे. इंजिनाच्या चार सिलिंडरांत पेट्रोल जळलं की जो तापलेला धूर सुटतो, तो चार तोंडांनी आत घ्यायचा आणि एका तोंडाने पुढे द्यायचा, हे माझं काम. साध्या गाडीत हा धूर सरळ सायलेन्सरकडे जातो. माझ्यापुढे मात्र टर्बो आहे. धुराच्या जोरावर त्याचा पंखा गरगर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हा जड टर्बो माझ्याच अंगावर टांगलेला असतो. पोटात आग आणि खांद्यावर ओझं, असं माझं जगणं.

माझा जन्म डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा फाउंड्रीत झाला. तिथे गुणाजी एकतीस वर्षं वाळूचे साचे भरायचे आणि त्यांत वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचे. फाउंड्री बंद व्हायची ठरली, तेव्हा मालक त्यांना म्हणाले, "गुणाजी, शेवटच्या भट्टीत तुम्हाला काय ओतायचं ते ओता." गुणाजींच्या मनात एकच गोष्ट होती. त्यांची मुलगी विनिता तेव्हा ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करत होती. बाप-लेकीने ठरवलं होतं की घरच्या जुन्या पांढऱ्या गाडीचं इंजिन आपणच खोलायचं, आपणच बांधायचं आणि त्याला टर्बो लावायचा. विनिताने मापं घेऊन माझा लाकडी नमुना तासला. गुणाजींनी त्यावर साचा भरला. माझ्या आधी त्यांनी हजारो तुकडे ओतले असतील, पण स्वतःच्या घरासाठी ओतलेला मी पहिलाच.

दुसऱ्या दिवशी साचा फोडला. वाळू झटकली, आणि गुणाजींनी मला उजेडाकडे धरलं. माझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तोंडाच्या मध्ये हरभऱ्याएवढा खड्डा होता. ओतताना हवेचा फुगा अडकला की असा खड्डा राहतो. तो वरवरचा आहे की आत खोल गेलाय, हे बाहेरून कळत नाही. गुणाजींनी खडूने माझ्यावर फुली मारली.

"एकतीस वर्षांतला शेवटचा तुकडा," ते म्हणाले, "आणि तोच बाद."

तरी त्यांनी मला भंगारात टाकलं नाही. पिशवीत घालून कळव्याला घरी आणलं. बैठं घर, पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये ती पांढरी गाडी. दार वाऱ्याने आपटायचं, म्हणून मला दाराशी ठेवलं. मित्रांनो, नऊ वर्षं मी दार अडवून बसलो. खाडीकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने माझ्यावर गंज चढला, फुली पुसली गेली. येता-जाता सगळ्यांचे पाय मला लागायचे. पण मी कान देऊन ऐकत असायचो.

त्या नऊ वर्षांत विनिता घोडबंदर रोडच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला लागली. रविवारी ती आणि गुणाजी शेडमध्ये असत. कधी पिस्टन, कधी बेअरिंग, कधी भंगारातून शोधून आणलेला टर्बो. काम रखडायचं, पुन्हा सुरू व्हायचं. गुणाजींचा डावा कान फाउंड्रीच्या घणाघातात कधीच गेला होता, पण उजव्या कानावर त्यांचा फार भरवसा होता. रस्त्याने गाडी गेली की ते बसल्या जागेवरून सांगायचे, याचा पट्टा सैल आहे, याचं तेल कमी आहे.

गेल्या नवरात्रात ते आणि त्यांची पत्नी मंजुळाबाई ठाण्याला देवीच्या दर्शनाला गेले होते. परत आल्यावर मंजुळाबाई शेडमध्ये येऊन विनिताशी हळू आवाजात बोलल्या.

"टेंभी नाक्यावर आम्ही अगदी ढोलांच्या पुढ्यात उभे होतो गं. माझी छाती हादरत होती. आणि हे मला विचारतात, आज वाजवत का नाहीत?"

विनिताच्या हातातला पान्हा तसाच राहिला. दोन दिवसांनी ती त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. उजवा कानही चालला होता; ढोलासारखे जाड, धडाडणारे आवाज आधी गेले होते, बारीक आवाज अजून येत होते. डॉक्टरांनी मशीन दिलं, पण ते लावलं की गुणाजींना सगळं फाटक्या कर्ण्यातून आल्यासारखं वाटे. ते काढून ठेवायचे. आणि डॉक्टरांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती, की या कानाचे आता महिने नाहीत, आठवडे धरा.

घरी आल्यावर गुणाजी सरळ शेडमध्ये आले. "विनू, इंजिन सुरू कर. कान आहे तोवर मला ऐकायचंय."

इंजिन जवळजवळ तयार होतं. राहिला होता तो फक्त मॅनिफोल्ड. विनिता दाराशी आली, वाकली आणि तिने मला दोन्ही हातांनी उचललं. नऊ वर्षांनी मला कुणी असं उचललं होतं.

"बाबा, हा आहे ना तुमचा. दोन दिवसांत बसवते." ती त्यांच्या कानाशी मोठ्याने बोलत होती.

"तो बाद आहे."

"फुगा वरवरचा असेल."

"असेल. आणि नसला तर?" गुणाजी तिच्या हातातल्या माझ्याकडे बघतही नव्हते. "मी शेवटचं काय ऐकायचं मग? माझंच ओतकाम फुटलेलं? त्याला हात लावू नकोस. स्टीलच्या पाइपांचा करून घे. चारी पाइप एका लांबीचे ठेव. असलं इंजिन गातं, विनू."

विनिताने मला पुन्हा दाराशी ठेवलं.

मित्रांनो, मला चार तोंडं आहेत, पण बोलता एकानेही येत नाही. मला सांगायचं होतं की मला एकदा लावून तर बघा. आणि खरं सांगू, त्याच वेळी मी घाबरलोही होतो. माझ्या पोटातला तो फुगा किती खोल आहे, ते मला तरी कुठे ठाऊक होतं?

कल्याणला उत्तम नावाचा एक वेल्डर आहे. आर्गन वेल्डिंगमध्ये, म्हणजे स्टीलच्या बारीक जोडकामात, त्याचा हात धरणारं जवळपास कुणी नाही. त्याने आठ दिवसांत स्टीलचा मॅनिफोल्ड बनवून आणला. चार चकचकीत पाइप, वळणं अशी की बघत राहावं. माझ्यासारखा ओबडधोबड ठोकळा त्याच्यापुढे काय दिसणार? तो इंजिनावर चढला, टर्बो त्याला टांगला, आणि विनिताने चावी फिरवली. इंजिन खरंच गायला लागलं. गुणाजी उजवा कान पुढे करून, डोळे मिटून उभे होते.

चौथ्या मिनिटाला ते म्हणाले, "बंद कर."

विनिताला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण वाकून पाहिलं तर टर्बोजवळच्या जोडाला केसाएवढी चीर गेली होती आणि तिच्यातून निळसर ज्योत फुत्कारत होती. गुणाजींच्या त्या उरल्यासुरल्या कानाने तिचा बारीक आवाज सगळ्यांच्या आधी टिपला होता.

उत्तमने जोड बोटांनी चाचपला. "ताई, वेल्डिंगला दोष नाय. सगळा टर्बो या पाइपांवर लोंबतोय. पाइप तापला की वाढतो आणि त्याला सरकायला जागाच नाय, मग तो जोडावर फाटतो. जाड पाइप घेऊन बघू."

जाड पाइपांची वळणं मोठी झाली. दुसरा मॅनिफोल्ड बसवला तेव्हा टर्बो स्टिअरिंगच्या दांड्यावर आदळायला लागला. तो चालू करून बघताही आला नाही. त्यात दोन आठवडे गेले. दिवाळी आली आणि गेली. गल्लीत फटाके वाजत होते, तेव्हा गुणाजी ओट्यावर बसून पोरांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. फटाका फुटलेला त्यांना पोरांच्या दचकण्यावरून कळायचा.

विनिता कामावरून घरी आली की शेडमध्ये शिरायची, मापं घ्यायची, खोडायची. जेवायला बोलावलं तर "आले" म्हणायची आणि यायची नाही. एकदा मंजुळाबाई ताट घेऊन शेडमध्येच आल्या.

"एकदा त्यांच्या मनाविरुद्ध जा ना. तो दाराशी पडलेला लाव."

"आणि फुटला तर, आई? त्यांनी तोंडाने सांगितलंय मला. मी कसा लावू?"

मंजुळाबाईंनी ताट बाकावर ठेवलं आणि त्या निघून गेल्या. जाताना त्यांचा पाय मला लागला.

त्या दिवसांत गुणाजींना एक सवय लागली होती. रोज सकाळी चहा झाला की ते शेडमध्ये यायचे, लहान पान्हा घ्यायचे आणि बाकावरच्या लोखंडी शेगड्यावर, म्हणजे काम घट्ट पकडायच्या व्हाइसवर, एकदा वाजवायचे. आवाज आला की मान हलवून परत जायचे. एका सकाळी त्यांनी पान्हा वाजवला आणि ते थांबले. पुन्हा वाजवला. मग मोठा पान्हा घेतला आणि जोरात मारला. बाकावरचे नट उडाले. मी दाराशी होतो, माझ्या अंगातून तो ठोका गेला. विनिता कामावर निघाली होती, ती धावत दारात आली.

"वाजला ना?" गुणाजींनी विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली.

"हं." त्यांनी दोन्ही पान्हे जागेवर ठेवले, खाली पडलेले नट एकेक करून वेचले आणि ते घरात गेले.

विनिता त्या दिवशी कामावर गेली नाही. तिने उत्तमला फोन करून सांगितलं, "तिसरा नको बनवू आता." त्यानंतर तीन आठवडे शेडचं दार उघडलंच नाही. अंधारात मला एकच विचार छळत होता. मी तिथेच होतो. दहा पावलांवर. दोन दिवसांचं काम होतं.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी, भल्या सकाळी, दार उघडलं. विनिताने मला उचललं आणि बाकावर आपटावं तसं ठेवलं. मग ती कानस घेऊन माझ्या अंगावरचा गंज खरवडू लागली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ती थांबत नव्हती. मंजुळाबाई आवाज ऐकून आल्या.

"कशाला आता? त्यांना काय ऐकू येणार आहे?"

"म्हणूनच," विनिता म्हणाली. "आता फुटला तरी त्यांना कळणार नाही."

मित्रांनो, इतक्या हताश माणसाच्या हातून मी इंजिनावर चढलो. दोन दिवस खपून तिने माझी चारी तोंडं घासून सपाट केली, मध्ये धूर अडवणारं नवं गॅस्केट घातलं, नट आवळले. टर्बो माझ्यावर चढला. चावी फिरली. पहिला धूर आत आला तेव्हा मला भट्टीची आठवण झाली. मी तापत गेलो. विनिता टॉर्च घेऊन माझ्या त्या खड्ड्यावर नजर रोखून बसली होती. दुसरं काही तिला दिसत नव्हतं की ऐकू येत नव्हतं. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

पत्र्याची शेड थरथरत असणार, कारण गुणाजी घरातून बाहेर आले. ते गाडीजवळ आले आणि त्यांनी मडगार्डवर तळवा टेकवला. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग, स्वतःचा आवाज कळत नसलेली माणसं बोलतात तसं, फार मोठ्याने म्हणाले, "चार नंबर हुकतोय."

विनिताने चमकून वर पाहिलं. तिने कान दिला. खरंच, चौथा सिलिंडर मधूनच चुकत होता. प्लगची वायर सैल होती. तिने जाड फडक्याने ती दाबून बसवली. इंजिन एका लयीत आलं.

"आता बरोबर." तळवा तिथेच होता. "कुठला बसवलास?"

विनिताला आता त्यांना लिहूनच सांगावं लागणार होतं. खोटं लिहिणं सोपं होतं. शेवटी तिने बाकावरचा खडू घेतला आणि पत्र्याच्या दारावर लिहिलं, तुमचा.

गुणाजींनी ते वाचलं. ते हळूच वाकले. मी तेव्हा मंद लाल झालो होतो. त्यांनी माझ्या त्या खड्ड्यासमोर, वीतभर अंतरावर, उलटा हात धरला. गरम वारा फुटून येतोय का, ते बघत होते. वारा येत नव्हता. त्यांनी दुसऱ्या बाजूने बघितलं. पुन्हा हात धरला. त्यांचा चेहरा मला नीट दिसला नाही, कारण विनिता मध्ये आली होती. ती इंजिन बंद करायला चावीकडे हात नेत होती. गुणाजींनी तिचं मनगट धरलं.

"लगेच नको. पाच मिनिटं हळू चालू दे. एकदम गार झाला तर तडकेल तो."

ती पाच मिनिटं दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभी होती. ती ऐकत होती, ते तळवा टेकून होते.

मित्रांनो, आता मी दर रविवारी चालतो. माझ्यातला फुगा किती खोल आहे, हे मला आजही ठाऊक नाही. एक दिवस मी फुटेनही. गुणाजींचा कान परत आला नाही आणि येणारही नाही. म्हणून तुमच्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. तापलेलं इंजिन लगेच बंद करू नका, त्याला निवायला वेळ द्या. आणि घरातली एखादी वस्तू कुणी बाद ठरवली असेल, तर तिला एकदा तरी लावून बघा, आणि लवकर बघा. विनिताने मला पुन्हा दाराशी ठेवलं, त्यानंतरही सात आठवडे गुणाजींना ऐकू येत होतं.