गुरुवारपर्यंतचा कॉम्प्युटर

हर्षलने टेबलाखाली वाकून पहिली वायर ओढली, तेव्हा दीपमाला चहाचे कप घेऊन मागच्या दारात येऊन थांबली होती. वायरीमागोमाग धुळीचा एक गोळा बाहेर आला आणि हर्षल शिंकला.

"दादा, लग्नात आणला होता काय हा? तवापासून हालवलेला दिसत नाही."

दीपमालाचा नवरा गोपाल काउंटरवर हरभऱ्याच्या बियाण्याच्या पिशव्या लावत होता. तो नुसता हसला. दीपमालाने ताट खताच्या पोत्यावर टेकवलं. हर्षल हा कॉम्प्युटर विकत न्यायला दिवाळी झाल्यावर येणार, असं घरात बोलणं झालं होतं. दिवाळीला अजून आठ-दहा दिवस होते. आज सोमवार होता, आणि तिला कॉम्प्युटर गुरुवारपर्यंत लागणार होता. का लागणार, हे मात्र तिला कुणाला सांगता येत नव्हतं.

संग्रामपूरच्या बाजारातलं हे कृषी सेवा केंद्र. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक भिंत आणि एक दार. कॉम्प्युटर घेतला तेव्हा बिलं त्याच्यावर निघत, आणि बिल छापून देणारं दुकान म्हणून गोपालचा रुबाब होता. आता बिल मोबाईलवरून निघायचं. अनुदानाचं खत घेणारा छोट्या मशीनवर अंगठा ठेवून मोकळा व्हायचा. कपाशीच्या पानावर काय पडलं आहे, हेसुद्धा लोक व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून विचारत, आणि गोपाल त्यांना तिथेच औषध सांगे. कॉम्प्युटर कोपऱ्यातल्या टेबलावर राहिला. त्याच्यावर उदबत्तीचा पुडा आणि कंपन्यांच्या फुकटच्या टोप्या साचत गेल्या.

हर्षलचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान रस्त्यापलीकडे होतं. त्याने दुकानात कॅमेरे बसवायला घेतले होते. कॅमेऱ्यात दिसणारं पाहायला त्याला एक स्क्रीन हवी होती. कॅमेरे लावणारा माणूस उद्याच यायचा होता, म्हणून तो आज आला होता.

"याच्यात मागच्या वर्षांची बिलं आहेत ना?" दीपमाला म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखा निघाला, हे ऐकून तिला बरं वाटलं.

"पेनड्राईव्हवर घेतली," गोपाल म्हणाला.

"प्रतीक्षाले शाळेचं प्रोजेक्ट आहे. तिले लागन."

"वहिनी, तुमची प्रतीक्षा मोबाईलवर प्रोजेक्ट करून, वरतून म्युझिक लावून पाठवते," हर्षल म्हणाला. "आता कोणाले पाह्यजे हा डब्बा? सारं तं खिशात आलं. बँक खिशात, शाळा खिशात. माह्या दुकानात लोक मोबाईल दुरुस्तीले टाकतात अन् दर घंट्याले येऊन पाहतात, जसं माणूस भरती केलं दवाखान्यात."

दीपमालाने कप पुढे केले. खिशात आलं, हे तिला हर्षलने सांगायची गरज नव्हती. वर्षभर तिचा अभ्यास मोबाईलवरच झाला होता. पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून पोळ्या लाटता लाटता, दळणाच्या रांगेत, लेक प्रतीक्षाच्या उशाशी बसून. सासूबाई अंबूबाई येईल त्या बाईला सांगत की आमच्या सुनेचे डोळे मोबाईलले चिकटले, एखाद्या दिवशी चमच्यानं काढा लागतीन. दीपमालाने ते तसंच चालू दिलं होतं. रिकामटेकडी म्हटलं तर एकदा ऐकून घेता येतं. परीक्षा देते म्हटलं की माणसं निकाल विचारायला येतात.

मागच्या वेळी आली होती. अंगणवाड्यांच्या मुख्यसेविकेच्या परीक्षेला ती बसली, हे साऱ्या बाजाराला माहीत होतं, आणि सांगितलं होतं तिनेच. निकाल लागल्यावर फवारणीचं औषध घ्यायला आलेला प्रत्येक माणूस गोपालला विचारायचा की वहिनीचं काय झालं. भिंतीआडून तिला सगळं ऐकू यायचं. "थोडक्यात गेलं," गोपाल म्हणायचा, आणि लगेच औषध किती पाण्यात टाकायचं ते सांगू लागायचा. हंगाम सरेपर्यंत तो हेच एक वाक्य बोलत राहिला. तिला मात्र त्याने एकदाही काही विचारलं नाही.

थोडक्यात गेलंच नव्हतं. पेपर तिला आला होता. मोबाईलवर सराव करताना उत्तरावर बोट ठेवलं की काम संपायचं. परीक्षेच्या कॉम्प्युटरवर उत्तर निवडल्यावर खालचं जतन करायचं बटण दाबावं लागतं. वेळ वाचवायला ती बाजूच्या प्रश्नांच्या आकड्यांवरून थेट पुढच्या प्रश्नावर उड्या मारत गेली, आणि मागची उत्तरं जमा झालीच नाहीत. हे तिला कितीतरी दिवसांनी कळलं, तेही मोबाईलवरच्या एका व्हिडिओत, कणीक मळताना. मळलेली कणीक तिने पुन्हा मळली. कुणाला काही सांगितलं नाही. सगळं येत होतं पण बटण दाबलं नाही, असं सांगणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवणार?

म्हणून या खेपेला गुपचूप. दसऱ्यापासून गोपाल जेवायला घरात आला की ती ताट वाढून दुकान सांभाळायला म्हणून पुढे यायची. मोबाईलचं नेट कॉम्प्युटरला जोडायची आणि सराव परीक्षा उघडायची. पहिल्या दिवशी माऊसचा बाण नुसता पळत होता. तिचं बोट आपोआप उठून काचेवरच्या चार पर्यायांवर जायचं. मान खाली घालून वाचायची सवय लागलेली. मान वर करून वाचताना ओळी निसटायच्या. आणि मोबाईल कसा पदराखाली घेता येतो, तसं याचं नाही. कुणी गिऱ्हाईक पायरी चढलं की तिला ती पेटलेली एवढी मोठी चौकट झटकन बंद करावी लागायची. कालपर्यंत दोन पेपर अर्ध्यावर तुटले होते. तरी कालच पहिल्यांदा तिचा हात बटण विसरला नव्हता.

परीक्षा गुरुवारी होती, शेगावच्या एका कॉलेजात. घरात तिने गुरुवारी दर्शनाला जाते एवढंच सांगितलं होतं. सासूबाईंनी सोबत पेढे आणायला सांगितले होते. गोपालने काहीच म्हटलं नव्हतं.

हर्षलने दुसरी वायर काढली आणि मग स्क्रीन उचलून उजेडाकडे धरली.

"हे काय बे?" तो हसत म्हणाला. "पाहा दादा, काचेवर बोटंच बोटं. टच समजून राह्यलं होतं काय कोणी?"

धुळीत ठसे स्पष्ट होते. एकाखाली एक, चार ओळींत, पुन्हा पुन्हा एकाच जागी. दीपमालाने हातातलं फडकं पुढे केलं, मग लगेच मागे घेतलं. पुसायला इतकी घाई कशाची, असं कुणाला वाटायला नको.

गोपाल पिशवी ठेवून आला. त्याने काच पाहिली. हर्षलला वाटलं असेल तो भाव ठरवतो आहे, कारण तो थोडा जास्तच वेळ पाहत होता.

"प्रतीक्षा खेळत असन," तो म्हणाला.

प्रतीक्षा आठवीला होती. ती या कॉम्प्युटरला नावं ठेवल्याशिवाय त्याच्याजवळून जात नसे.

दीपमाला पोत्याजवळ उभी राहिली, मग दाराजवळ गेली, मग परत आली. आत सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हाक मारली तर जावं लागलं असतं. तिला वाटलं, सरळ सांगावं. दोन वाक्यांचं तर काम होतं. पण त्या दोन वाक्यांनंतर हर्षल रस्ता ओलांडून आपल्या दुकानात जाणार, आणि त्या दुकानात दर घंट्याला माणसं येतात. पुन्हा तोच काउंटर, तेच गिऱ्हाईक, आणि तेच वाक्य बोलणारा गोपाल. बाजारात दुसरा कॉम्प्युटर कुठे होता, हे तिने मनात मोजून पाहिलं. नेट कॅफे होता तिथे आता मोबाईलची कव्हरं विकायला होती.

"हर्षलभाऊ, कॅमेऱ्याचं तं मोबाईलवरही दिसते म्हणतात," ती म्हणाली. "मंग याचं काय काम?"

"दिसते ना. पण वहिनी, चोराले कसं समजन का मी पाहून राह्यलो म्हणून? मोठी स्क्रीन भिंतीवर दिसली पाह्यजे. त्याची भीती पडते." आपल्याच बोलण्यावर खूष होऊन त्याने चहाचा शेवटचा घोट घेतला आणि स्क्रीन काखेत मारली. "दादा, मी हे ठेवून येतो, मंग डब्बा नेतो."

तो पायरीपर्यंत गेला होता. दीपमालाने तोंड उघडलं. काय बोलणार होती ते तिला अजून ठाऊक नव्हतं.

"हर्षल, राहू दे," गोपाल म्हणाला.

हर्षल वळला.

"काऊन? भाव कमी वाटला काय?"

"भाव बरोबर आहे. शुक्रवारी नेजो."

"दादा, माणूस उद्या येऊन राह्यला. अकोल्यावरून येते तो. त्याले काय सांगू?"

"उद्या कॅमेरे लाव म्हणा. स्क्रीन शुक्रवारी लावजो. तीन रोज चोराले मोबाईलवर पाह्य."

हर्षलने एकदा काखेतल्या स्क्रीनकडे पाहिलं, एकदा गोपालकडे. गोपाल पुन्हा पिशव्यांकडे वळला होता, जणू बोलणं संपलं होतं.

"तं गुरुवारी तरी नेतो," हर्षल म्हणाला. "स्क्रीन एक रोज आधी लावून घेतो."

"गुरुवारी दुकान बंद आहे. शेगावले जाचं आहे."

गोपाल कधी दुकान बंद ठेवत नसे. पेरणीच्या तोंडावर तर नाहीच. पण शेगाव म्हटल्यावर हर्षलला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही. त्याने स्क्रीन टेबलावर ठेवली, छातीला हात लावला आणि डोळे मिटल्यासारखे केले.

"दर्शनाले?"

गोपालने पिशवी रांगेत सरळ केली.

"तेही होईन," तो म्हणाला.

दीपमालाने कप गोळा करायला हात पुढे केला होता. तो ताटावरच राहिला. हर्षल माझ्यासाठी प्रसाद आणा असं काहीतरी बोलत पायरी उतरला, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरला थांबून त्याने वाट दिली. त्याच्या दुकानात दोघं-तिघं उभे होते. तो त्यांच्यात मिसळेपर्यंत ती तिकडे पाहत राहिली. मग तिने गोपालकडे पाहिलं. विचारावं असं खूप काही होतं: कधीपासून, कसं, आणि मग बोलला काऊन नाही तुम्ही.

गोपालने उदबत्तीचा पुडा आणि टोप्या उचलून बाजूला ठेवल्या. दोन्ही वायरी हातात घेऊन तो टेबलाखाली वाकला. खाली अंधार होता. थोडा वेळ तो चाचपडत राहिला.

"दीपे," तो खालून म्हणाला. "मोबाईल काढ. उजेड दाखव इकडं."

तिने मोबाईलचा दिवा लावला आणि टेबलाखाली धरला. उजेड भिंतीवर पडला, मग त्याच्या मानेवर, मग पुन्हा भिंतीवर. मागची दोन भोकं एकमेकांसारखीच होती, आणि उजेड एका जागी टिकत नव्हता.

"हात हालू देऊ नको," गोपाल म्हणाला.