प्यादेमात
माझे सासरे रावजी तांडेल बुद्धिबळाचे वेडे. वजिराने मात करणं म्हणजे त्यांच्या मते झोपलेल्याला मारणं. खरी मात प्याद्याची! जुन्या देशी खेळात प्यादेमातीइतका मान दुसऱ्या कशाला नाही, हे त्यांनी माझ्या नवऱ्याच्या, आनंदाच्या डोक्यात लहानपणापासून भरलेलं. ओटीवर बापलेकांचा डाव चाले आणि आत भाकऱ्या थापताना ऐकून ऐकून मीही खेळ शिकले.

त्या साली बंदरावरच्या लाकूडवखारीच्या शेठनी आपल्या घरी सामना लावला. जिंकेल त्याला वखारीत कारकुनी. आनंदा हरला तर त्याला मुंबईची गिरणी, आणि मला तर सातवा महिना लागलेला.

समोर केळशीचा केरू, पांढरी घेऊन. त्याने विलायती पुस्तकातली जुनीच सुरुवात केली. राजापुढचं प्यादं, घोडा, मग उंट तिरका काळ्या राजाच्या रोखाने. स्वतःचा राजा किल्लेकोट करून कोपऱ्यात बसवला. आनंदाने देशी सवयीने राजा मधेच ठेवला, पण हल्ला असा चढवला की केरूला घाम फुटला.

शेवटी आनंदाचा वजीर केरूच्या राजाजवळ येऊन ठेपला. एक घर पुढे सरकला की मात. आम्ही बायका माजघराच्या दारात होतो. मला तिथूनही दिसलं. आनंदाने वजिराकडे हात नेला आणि बापाकडे बघितलं. मामंजींनी नुसतं तोंड वाकडं केलं. तेवढं पुरलं. त्याने हात मागे घेतला आणि प्यादं पुढे ढकललं, पुढच्या खेळीला प्यादेमात करायची म्हणून.

मधली खेळी केरूची होती. त्याने वजीर उचलून थेट काळ्या राजाला खेटून ठेवला. मागे जोराला तो तिरका उंट होताच. मात झाली.

"हरला खरा," मामंजी शेठना सांगत होते, "पण पोराचा बाणा बघितलात काय? वजिरान मारणारा नाय तो!"

मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला, की दाराची चौकट घट्ट धरून उभी राहिले.

आनंदाची आगबोट सुटली, त्या संध्याकाळी मामंजींनी ओटीवर त्याच डावाचा शेवटचा पट मांडला. "बघ गो गुणवंती, आणखी एकच घर, की प्यादेमात होती."

मी काळा वजीर एक घर पुढे ठेवला. "मामंजी, मात ही होती. ही केली असती तर तुमचा लेक आज घरी जेवला असता."

 त्यांनी वजीर उचलून परत मागे ठेवला आणि प्यादं पुढे सरकवलं.