दातोबाची रंगवलेली दाढ

हसता काय, मित्रांनो? मी एक जुना जबडा आहे. प्लॅस्टरचा, टोपलीएवढा. मला घडवणाऱ्या मूर्तिकाराने गुलाबी हिरड्या दिल्या, वीस दात दिले, पण जीभ बसवायची विसरला. त्यामुळे माझं सगळं बोलणं मनातल्या मनात!

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला या शाळेला दिलं. मुलं मला दातोबा म्हणतात. वर्षातून एकदा बाई येतात, भल्यामोठ्या ब्रशाने माझे दात घासून दाखवतात आणि विचारतात, "किडका दात कुठला?" की पोरं माझ्या काळ्या दाढेवर तुटून पडतात. तेवढाच माझा मान. एरवी मी दुसरीच्या वर्गातल्या कपाटावर बसून असतो. इतके दात असून खातो काय, तर धूळ!

कपाटासमोरच्या बाकावर चिमणी नावाची मुलगी बसते. पंधरा दिवस ती गालाला हात लावून एकाच बाजूने चावून डबा खात होती. डॉक्टर दाढ उपटतील या भीतीने तिने घरीही चकार शब्द काढला नव्हता. मला मात्र वरून सगळं दिसत होतं. यंदा बाईंना कळलं नाही, तर पोरगी वर्षभर सोसणार, म्हणून माझा जीव नुसता खालीवर होत होता.

बाई यायच्या दिवशी सकाळी शाळेच्या मावशींनी मला पुसायला खाली काढलं. डाग म्हटला की मावशींच्या डोक्यात तिडीक जाते.

"अगं बाई! पाहुण्यांसमोर हा काळा दात? शाळेची अब्रूच जायची!"

आधी भांड्यांच्या पावडरने घासला. हटेना. मग खिडक्यांचा उरलेला पांढरा रंग आणून दोन हात मारले. मी ओरडत होतो, "मावशी, तीच माझी नोकरी आहे हो!" पण ऐकणार कोण?

बाई आल्या. "किडका दात कुठला?" पोरांना काही तो सापडेना. बाई वाकून शोधू लागल्या. दारातून मावशी आनंदाने म्हणाल्या, "काळा ना? मीच गोरा केला!"

बाईंना हसू आवरेना. त्यांनी नखाने रंग खरवडला. खालून काळं डोकावलं.

"मावशी, झाकून कीड जाते होय? ती आत वाढतच राहते."

हे ऐकताच चिमणीचा हात गालावरून खाली आला. "बाई, माझी पण दाढ दुखते. मी झाकून ठेवली होती. उपटणार?"

बाईंनी टॉर्च लावून पाहिलं. "वेळेवर सांगितलंस. आईबरोबर दवाखान्यात ये, भरून देईन. उपटायची गरज नाही."

माझ्या जिवात जीव आला. मावशी दारातून आत आल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, माझीही एक बघता का?"

तर मित्रांनो, सकाळी आणि झोपताना दात घासा. माझे घासलेत तेवढे पुरे, आता स्वतःचे घासा. आणि दुखलं तर लगेच सांगा. मला जीभ नाही, तुम्हाला आहे ना?