उबाल्दोबुवाला दिसलेला भाऊ

पहिलं तोंड: रस्ता

ओल्गिन शहरातल्या त्या गल्लीत आत्म्यांशी बोलणाऱ्या उबाल्दोबुवाच्या दारी पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्याचा ग्लास, चिरुटाचा धूर, मिटलेले डोळे.

"नेरेइदा, तुझ्या डाव्या स्तनात गाठ आहे. चार सेंटिमीटर."

भाची यामिर्का सोडली तर नेरेइदाने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. गर्दीच्या अंगावर काटा आला.

"मंगळवारी सुरी लावणारेत. लावू देऊ नकोस, गाठ चिडते. माझं पाणी पी, विरघळेल."

मंगळवार आला नि गेला. नेरेइदा पाणीच पीत राहिली.

दुसरं तोंड: घर

यामिर्का तंत्रशाळेत शिकवायची. "मावशी, सेंटिमीटर मोजणारा आत्मा कुठला गं?"

"तू सांगितलंस त्याला?"

"नाही."

"मग गप्प बस."

यामिर्काने छपरांवरची तार धरून माग काढला. गल्लीतली साठ घरं, बुवाचंही, संगणकांच्या एकाच जाळ्यात. दर आठवड्याला नव्या मालिका यायच्या. शेजाऱ्यांना उतरवून घेता याव्यात म्हणून जो तो आपल्या संगणकाची अख्खी डिस्क उघडी ठेवायचा. कुलूप लावणारा माणूसघाणा ठरे. मावशीच्या डिस्कवर मालिकांच्या शेजारीच इस्पितळाचा अहवाल होता, तारखेसकट.

मग तिने तारेवरचा पहारेकरी जुळवला: भंगारातला वहीएवढा संगणक, तारा जोडायला चार तोंडं असलेलं जुनं नेटवर्क कार्ड, फुकटची प्रणाली आणि पेटी म्हणून पेरूच्या वडीचा पत्र्याचा डबा. एका तोंडात रस्त्याची तार, दुसऱ्यात मावशीचा संगणक. घरातून बाहेर जाता येईल. बाहेरच्याला आपणहून आत शिरता येणार नाही.

"शेजारी काय म्हणतील?"

"मालिका तिसऱ्या तोंडाला ठेवते. नेऊ देत हव्या तेवढ्या."

तिसरं तोंड: आमिष

तिथे एक जुना संगणक जोडला. त्यात मालिका, आणि एक खोटं पत्र. मावशीला यामिर्का काही बोलली नाही, आणि ते तिला आठवडाभर टोचत राहिलं.

रविवारी बुवाने डोळे मिटले. "नेरेइदा, तुझा भाऊ फेर्मिन आलाय. समुद्रात बुडाला बिचारा. म्हणतो, ताईने सुरी टाळली ते बरं केलं."

मागे कुणीतरी हुंदका दिला.

"मला भाऊ नाही," नेरेइदा म्हणाली.

"आत्म्यांची नाती आपल्याला…"

"आम्ही दोघी बहिणीच."

यामिर्काने पत्राचा कागद सगळ्यांपुढे धरला. "फेर्मिन मी लिहिलाय. काल इस्पितळाने मावशीला नवी तारीख पाठवली. ती डब्यामागच्या संगणकात आहे. सांगा बुवा, कोणती?"

बुवाने ग्लासातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. "आत्मे दमलेत आज."

"म्हणजे माझीही डिस्क…" एक म्हातारा पुटपुटला.

"सगळ्यांचीच, आजोबा. बुवा रोज वाचत बसतो."

चौथं तोंड: रिकामं

गुरुवारी इस्पितळात पुन्हा मोजलं. पाच.

बाकावर बसून नेरेइदाने हळूच विचारलं, "पण गाठ त्याला दिसली होती ना?"

"कागद दिसला होता."

"आणि विरघळेल म्हणाला ते?"

"ते कागदात नव्हतं, मावशी."

आतून हाक आली आणि नेरेइदा उठली.

मनातलं ओळखणारा भेटला, तर पाया पडण्याआधी स्वतःला विचारा: हे मी कुठे लिहून ठेवलं होतं? एक गोष्ट खरी सांगितली म्हणून त्याची दुसरीही खरी ठरत नाही. ती वेगळी तपासावी लागते. आणि लवकर तपासा. आजार कुणासाठी थांबत नाही.